गुप्त कशासाठी?

मराठीचा मास्तर शब्दांविषयी बोलतो, रोगांविषयी नाही. पण यंदा एका शब्दाविरुद्धच तक्रार आहे : ‘गुप्तरोग’.

पावसाळ्यात भोरला एका माजी विद्यार्थ्याकडे मुक्काम होता. घरातली माणसे निजल्यावर तो हळूच म्हणाला, “सर, लग्नाआधी पुण्यात नोकरीला होतो तेव्हा लघवीला जळजळ व्हायची, पूही जायचा. औषधाच्या दुकानातून गोळ्या घेतल्या, थांबलं. आता लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही. वेल्ह्याकडचे आमचे नातेवाईक हिला डोहाळेजेवणालासुद्धा बोलवत नाहीत.”

“डॉक्टरांना दाखवलंस?”

“ती जाऊन आली. मी कशाला?”

वाचकहो, सगळे दुखणे या ‘मी कशाला’मध्ये आहे!

अशी जळजळ आणि पू ही बहुधा परम्याची खूण. त्याचे जंतू अल्बर्ट नायसर यांनी १८७९ साली शोधले. क्लॅमिडिया हा त्याचाच जोडीदार. पुष्कळदा दोघे बरोबरच येतात. पुरुषाला त्रास जाणवतो, स्त्रीला अनेकदा काहीच जाणवत नाही. जंतू मात्र गर्भाशयातून नळ्यांपर्यंत चढतात, नळ्या बुजतात आणि ‘वांझ’ हा शिक्का तिच्या कपाळी बसतो. बाळंतपणात हेच जंतू बाळाच्या डोळ्यांत गेले तर दृष्टी जाण्याचे भय.

पेनिसिलीन आले तेव्हा वाटले, कटकट संपली. पण अर्धवट औषधांनी परम्याचे जंतू निर्ढावले. आज ते पेनिसिलीनला जुमानत नाहीत. डॉक्टर सहसा सेफ्ट्रियाक्झोनचे इंजेक्शन देतात. म्हणून दुकानदाराच्या गोळ्या नकोत. उपचार नवराबायको दोघांनी एकदम घ्यावेत आणि ते पुरे झाल्यावरही सात दिवस संबंध टाळावा. एकट्यानेच औषध घेतले तर रोग पुन्हा परततो. एकनिष्ठा आणि निरोध हे बचावाचे मार्ग. संडास, भांडी, टॉवेल यांना उगाच दोष देऊ नये.

गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून हे विषय उघडपणे मांडले आणि त्यापायी खटले सोसले. १९८९ साली डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. शंभरांत ब्याण्णव जणींना स्त्रीरोग वा लैंगिक रोग होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ! झाकून ठेवण्याचा हा हिशेब.

आता सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी व औषध मोफत मिळते. तिथे नावाचा बोभाटा करत नाहीत.

त्या रात्री मी त्याला एवढेच म्हणालो, “अरे, व्याकरणात कर्ता वगळून वाक्य पुरे होत नाही. आधी तू तपासून घे.”

भाऊबिजेनंतर दोघे पुण्याला यायचे आहेत. फराळाला आमच्याकडे, आणि त्याआधी डॉक्टरांकडे. जोडीने.