चित्राचे माप कोण ठरवतो?

वाचकांची चित्रे आता आमच्याकडे मुख्यतः मोबाइलवरून येतात. रंगांची समज वाढलेली दिसते, धीटपणा वाढलेला दिसतो आणि नोकरी, शेती, दुकान सांभाळून चित्र काढणाऱ्यांची ही मेहनत पाहून मन भरून येते. चित्राखाली नाव असते, गाव असते, जलरंग की अॅक्रिलिक हेही असते. माप मात्र क्वचितच लिहिलेले असते. त्यामुळे तळहाताएवढे चित्र आणि भिंत व्यापणारे चित्र पडद्यावर सारख्याच चार बोटांत येऊन बसतात. विचारल्यावर उत्तर येते ते बहुधा ‘ए-फोर’ किंवा ‘ए-थ्री’. का, तर दुकानात त्याच मापाचे पॅड मिळाले.

म्हणजे चित्राचे माप दुकानदाराने ठरवले. विषय चित्रकाराचा, रंग चित्रकाराचे, वेळ त्याचा, आणि पहिला निर्णय तेवढा दुसऱ्याचा. हा अंक आम्ही मापाला दिला आहे, कारण आमच्या मते माप हा चित्रातला पहिला रंग-निर्णय आहे आणि हौशी चित्रकाराने तो सोडून देणे म्हणजे चित्राचा निम्मा आनंद सोडून देणे आहे.

माप समजून घ्यायला आपल्याच विदर्भात एक उत्तम जागा आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडादेव आहे. दक्षिणेकडे निघालेली नदी इथे वळून उत्तरवाहिनी होते आणि त्या वळणावर दगडी मंदिरांचा समूह उभा आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या मध्य प्रांताच्या दौऱ्यात इथे आले आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अहवालात त्यांनी या समूहाची नोंद केली. लोक याला विदर्भाचे खजुराहो म्हणतात. आम्ही त्याच्याकडे मापाची शाळा म्हणून पाहायला सांगतो.

मुख्य मंदिराच्या भिंतीसमोर दहा पावलांवर उभे राहा. तळाशी आडव्या, अरुंद थरांच्या पट्ट्या दिसतील. त्यांच्या वर जंघेवर, म्हणजे भिंतीच्या मुख्य भागावर, एकावर एक मूर्तींच्या रांगा आहेत, एकेक मूर्ती दीड-एक हाताची. आणखी वर पाहिले की बारकावा संपतो आणि फक्त मोठे आकार, उभ्या रेषा, उजेड आणि सावली उरते. आता भिंतीच्या जवळ जा. वरचे काही दिसेनासे होते आणि एका मूर्तीच्या गळ्यातला हार, बोटांची ठेवण डोळ्यांत भरते. पुन्हा मागे नदीच्या वाळूत या. आता मूर्ती एकही वेगळी दिसत नाही, भिंत म्हणजे छायाप्रकाशाचा एक पोत होते. त्या कारागिरांनी प्रत्येक अंतरावरच्या माणसाला पाहायला काहीतरी दिले आहे. माप म्हणजे पाहणाऱ्याच्या अंतराशी केलेला करार, हे इथे कोणी न सांगता कळते.

हाच करार झाडीपट्टीच्या रंगभूमीवरही पाहायला मिळतो. धानाची कापणी झाली की चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याच्या गावोगाव रात्रभर नाटके होतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या कंपन्यांचे मोठे केंद्र. तिथला रंगवलेला पडदा जवळून पाहिला तर तो भडक आणि ओबडधोबड वाटतो. महालाचा खांब म्हणजे दोन सपाट पट्टे आणि एक पांढरी रेघ. पण मंडपाच्या शेवटच्या रांगेतून, दिव्यांच्या उजेडात, तो खांब गोल होतो. पडदा रंगवणाऱ्याला ठाऊक असते की आपला प्रेक्षक किती दूर बसणार आहे. आपल्यापैकी किती जण चित्राला हात घालण्यापूर्वी हा विचार करतात?

आता कागदाकडे येऊ. जलरंगाचा पूर्ण इम्पिरियल कागद २२ × ३० इंचांचा. त्याचा हाफ १५ × २२ आणि क्वार्टर ११ × १५. क्वार्टरच्या दोन्ही बाजू दुप्पट केल्या की फुल होतो, पण क्षेत्रफळ चौपट होते: १६५ चौरस इंचांवरून ६६०. रंग चौपट लागतो, पाणी चौपट लागते, वॉश ओला ठेवण्याची धडपड तर त्याहून वाढते. आणखी एक गोष्ट नवशिक्यांना चकवते. क्वार्टर आणि फुल यांचे प्रमाण एकच आहे, हाफचे वेगळे आहे. तो अधिक लांबट असतो. म्हणून क्वार्टरवर जमलेले चित्र चौकोन आखून फुलवर जसेच्या तसे नेता येते, पण हाफवर नेताना बाजूला जागा उरते किंवा वरखाली काहीतरी कापावे लागते. तिथे नवी रचनाच करावी लागते. ए-फोर, ए-थ्री या मापांत प्रमाण कायम एकच राहते. ती सोय कामाची आहे, पण नदीचे रुंद वळण आणि सागाचे उंच खोड या दोघांनाही ती एकाच चौकटीत बसवते.

तीन मापांची तीन वेगळी कामे आहेत, असे आमचे मत आहे.

पहिले माप खिशातल्या वहीचे. महाशिवरात्रीला मार्कंड्याला मोठी जत्रा भरते. गर्दीत बोर्ड मांडून बसणे शक्य नसते आणि योग्यही नसते. तिथे तळहाताएवढी वही, एक पेन आणि चार रंगांची डबी पुरते. त्या सुमारास पळस फुललेला असतो. रांगेतली लुगडी, नदीची फिकट वाळू, पळसाचा शेंदरी रंग हे तीन-चार ठिपक्यांत नोंदवता येते. या मापात मनगट काम करते, डोळा वेचून घ्यायला शिकतो. बारकावे टिपण्याची उठाठेव इथे करू नये. एका चित्राला दहा मिनिटे पुरे.

दुसरे माप क्वार्टरचे, प्रत्यक्ष जागेवर बसून काढण्याचे. आपल्या भागात याला हवामानाची अट आहे. चैत्र-वैशाखात सकाळचे नऊ वाजून गेले की वॉश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचण्याआधीच पहिल्या टोकाला वाळतो आणि कडा उमटतात. म्हणून उन्हाळ्यात जागेवरचे काम लहान मापातच करावे, कागद दोन्ही बाजूंनी ओला करून घ्यावा आणि उजाडताच बसावे. पावसाळ्यात उलट अडचण: कागद वाळत नाही, दमटपणाने त्याचे सायझिंग बिघडते, रंग डाग धरतो आणि कपाटातल्या वह्यांना बुरशी लागते. मोठ्या वॉशसाठी खरा काळ कार्तिक ते माघ.

तिसरे माप फुलचे, घरी, उभे राहून करण्याचे. इथे हात खांद्यापासून हलला पाहिजे. क्वार्टरसाठी सहा नंबरचा गोल ब्रश चालतो, फुलवर आकाश घालायला दोन इंची सपाट ब्रश हवा. रंग आधी वाटीत भरपूर कालवून ठेवावा, कारण अर्ध्या आकाशात संपलेला निळा पुन्हा तसाच जमत नाही. तीनशे जीएसएमचा कागदही या मापात फुगतो, तेव्हा तो भिजवून बोर्डावर गम टेपने ताणून घ्यावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागे जावे. चित्राच्या कर्णाच्या दीड-दोन पट अंतर हे ते पाहण्याचे साधारण योग्य अंतर मानतात. फुल इम्पिरियलचा कर्ण सुमारे ३७ इंच, म्हणजे पाच-सहा फूट. आपण मात्र दीड फुटावर नाक लावून रंगवतो आणि मग चित्र तुकड्यातुकड्यांचे का झाले म्हणून खंत करतो.

माप बदलले की रंगही बदलतो, आणि हा मुद्दा रंगीत काम करणाऱ्यांनी मनावर घ्यावा. वहीत पळसाचा ठिपका शुद्ध शेंदरी चालतो. तो नखाएवढा असतो आणि आजूबाजूचा पांढरा कागद त्याला सांभाळतो. तोच शेंदरी फुलवर वीतभर पसरला की सगळे चित्र ओरडायला लागते. तिथे त्यात थोडा बर्न्ट सिएना, थोडा सावलीतला जांभळट तपकिरी मिसळून त्याचे चार-पाच प्रकार करावे लागतात. शुद्ध रंग मग एकाच जागी ठेवता येतो. हिरव्याचे तर याहून कठीण. आपल्या भागात जंगल इतके आहे की हिरव्यावाचून सुटका नाही. ट्यूबमधला सॅप ग्रीन लहान चित्रात खपून जातो, मोठ्या चित्रात तो निर्जीव होतो. साग, मोह, तेंदू, बांबू यांचे हिरवे वेगळे आहेत, आणि चैत्रात मोहाची व कुसुमची कोवळी पाने तर तांबूस असतात. अल्ट्रामरीन, पिवळे दोन प्रकार आणि बर्न्ट सिएना यांतून आपले हिरवे आपण करावेत. मोठ्या चित्राच्या बाबतीत रंगाचा टिकाऊपणाही बघावा. वही मिटलेली असते, भिंतीवरचे चित्र उजेडात राहते. अलिझरिन क्रिम्झनसारखे रंग आणि चमकदार फ्लुओरेसंट गुलाबी उजेडाने विटतात. ट्यूबवरची लाइटफास्टनेसची खूण वाचायची सवय लावून घ्या.

‘मोठे चित्र काढायला घरात जागा कुठे आहे?’ हा प्रश्न आम्हाला ठाऊक आहे आणि तो खरा आहे. दोन खोल्यांच्या घरात फुल कागद ताणलेला बोर्ड ठेवणे सोपे नाही, काच-फ्रेमचा खर्चही झेपत नाही. पण याला उत्तर आहे. डेव्हिड हॉक्नी यांनी २००७ मध्ये यॉर्कशायरमधल्या झाडांचे सुमारे पंधरा फूट उंच आणि चाळीस फूट रुंद चित्र काढले. ते ५० वेगवेगळ्या कॅनव्हासांवर केले आणि मग जोडले. आपल्यालाही मार्कंड्याचे नदीवळण तीन-चार क्वार्टरवर ओळीने काढता येईल. एका फुल कागदाचे चार तुकडे होतात, ते गादीखाली सपाट राहतात आणि एकत्र लावले की रुंद चित्र उभे राहते. जोड कुठे येणार हे आधी ठरवावे. झाडाचे खोड किंवा मंदिराची कड जोडावर येऊ देऊ नये.

माप बदलले म्हणजे चित्र हलके होते, असेही कोणी समजू नये. डहाणूजवळच्या जिव्या सोमा म्हसे यांनी भिंतीवरचे वारली चित्र १९७० च्या दशकात कागदावर आणि कापडावर आणले. झोपडीची भिंत सुटली, चौकट आली, आणि तिच्या गरजेनुसार त्यांनी रचना नव्याने बांधली. माशांचे जाळे, मुंग्यांची रांग, नाचणाऱ्यांचे वेटोळे त्या मर्यादेत दाटीने भरले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी संस्थान चालवत असतानाच चित्रे काढत होते. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चित्ररामायणातली चित्रे पुस्तकाच्या पानासाठी होती. हौस म्हणून केलेले काम लहान ठरत नाही, फक्त त्याचे माप आणि त्याची जागा यांचा विचार झालेला असावा लागतो.

म्हणून मोठेच काढा, असा आमचा आग्रह नाही. ज्यांच्या हाती रात्री नऊ ते दहा एवढाच वेळ आहे, त्यांनी वर्षभर पोस्टकार्डाच्या मापात काम केले तरी ते पूर्ण काम आहे. आग्रह एवढाच की ते माप त्यांनी स्वतः निवडलेले असावे. आणि निवड करायची तर तिन्ही मापांची चव एकदा तरी घेतलेली असावी. एकच विषय घ्या. मार्कंड्याचे शिखर घ्या, आपल्या गावचा तलाव घ्या किंवा परसातले मोहाचे झाड घ्या. तो खिशातल्या वहीत, मग क्वार्टरवर, मग फुलवर काढा. तिन्ही शेजारी ठेवा. कोणत्या मापात आपला हात मोकळा झाला ते तुम्हाला कुठल्याही शिक्षकापेक्षा स्पष्ट दिसेल.

मार्कंड्याला जाणाऱ्यांना एक विनंती. हा संरक्षित वारसा आहे. स्टँड लावण्यापूर्वी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा, मूर्तीला बोर्ड टेकवू नका, रंगाचे पाणी दगडावर किंवा नदीत ओतू नका, भाविकांची वाट अडवू नका. मंदिराच्या दुरुस्तीचे काम दीर्घकाळ रेंगाळत आले आहे. आज जे जसे दिसते ते तारीख घालून काढून ठेवले, तर पुढे त्या चित्राला नोंदीचेही मोल येईल.

आणि आमचा निर्णय. पुढच्या अंकापासून या मासिकात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक चित्राखाली माध्यमाबरोबर माप इंचांत दिले जाईल. माप न लिहिलेले चित्र कितीही चांगले असले तरी आम्ही ते परत पाठवून माप मागवू. चित्राचा फोटो काढताना शेजारी एखादा ब्रश किंवा पट्टी ठेवलेला दुसरा फोटोही पाठवा. तिन्ही मापांत केलेला एकच विषय पाठवणाऱ्यांसाठी दर अंकात दोन पाने राखून ठेवली आहेत. कार्तिक जवळ आला की वॉशला योग्य हवा पडेल, तोवर कागद आणून कापून ठेवा, आणि कापण्याआधी एकदा ठरवा की तो कुठल्या मापाचा हवा आहे.