वनस्पतीजन्य म्हणजे अहिंसक?

शेगडी पेटविण्यापूर्वी तिच्यावरून पुंजणी फिरविणे, पाणी गाळल्यानंतर गाळण्यावर राहिलेली जिवाणी जपून मूळ पाण्यात सोडणे, हा जैन घरांतील पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. स्वयंपाकघरातील जयणा अशी काटेकोर. परंतु न्हाणीघर, मोरी आणि धुण्याची जागा मात्र अनेक घरांत तिच्या कक्षेबाहेर राहिली आहे. बिस्किटाच्या पुड्यावरील हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय तो पिशवीत न टाकणारी श्राविका अंगाला लावावयाच्या साबणाचे वेष्टण तितक्याच बारकाईने वाचते, असे म्हणता येत नाही.

साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि क्षार यांच्या संयोगातून तयार होणारा पदार्थ. ती चरबी कोणाची, हा खरा प्रश्न. वेष्टणावर ‘सोडियम कोकोएट’ असेल तर मूळ खोबरेल तेलात आहे, ‘सोडियम पामेट’ असेल तर पाम तेलात. परंतु ‘सोडियम टॅलोएट’ असेल तर तो साबण प्राण्यांच्या चरबीपासून बनलेला आहे. ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल वनस्पतीपासूनही मिळते व चरबीपासूनही. केवळ नावावरून उलगडा होत नाही, म्हणून उत्पादकाकडे विचारणा करणेच योग्य. ‘लॅनोलिन’ मेंढीच्या लोकरीतून निघते, आणि ओठांच्या लालीत वापरला जाणारा ‘कार्माइन’ हा रंग कीटक वाळवून, चुरडून काढतात. १९८३ साली वनस्पती तुपात चरबीची भेसळ उघडकीस आली, तेव्हा समाज हादरून गेला होता. साबणातील चरबी मात्र वेष्टणावर छापलेली असूनही नजरेतून निसटते.

या जाणिवेतून आज अनेक कुटुंबे रिठा, शिकेकाई, चिंच, डाळीचे पीठ यांकडे वळत आहेत. दिशा योग्यच आहे. मात्र ‘झाडापासून मिळाले म्हणजे ते अहिंसकच’ हे समीकरण जैन विचाराला पुरेसे वाटत नाही. वस्तू कोठून आली, एवढ्यावर जयणा थांबत नाही. ती कशी तयार झाली, किती काळ ठेवली आणि वापरून झाल्यावर कोठे गेली, हेही जयणा विचारते.

प्रथम वस्तूच्या मुळाचा विचार. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, कचोरा आणि आंबेहळद असते. हे सारे जमिनीखालचे कंद. सुकलेली हळद आणि सुंठ आहारात चालतात, म्हणून वाळलेला कचोराही चालेल, असे काहींचे मत. तर कंदमुळांचा नियम घेतलेली काही घरे तो अंगालाही लावीत नाहीत. येथे आपापल्या गुरुभगवंतांचे मार्गदर्शन घेणे श्रेयस्कर. मसुराचे किंवा हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, संत्र्याची वाळलेली साल, आवळकाठी आणि चंदन एवढ्यावरही उत्तम उटणे होते. ‘नैसर्गिक’ म्हणून मिरविणाऱ्या अनेक प्रसाधनांत मध असतो. महाविगयीत गणलेला मध केवळ चेहऱ्यावर लावल्याने निर्दोष होत नाही. बेसनात कच्चे दही कालवून केलेला लेप तर साक्षात द्विदळच. ताटात जे टाळले, ते वाटीत कालवून गालावर लावण्यात विसंगती आहे.

दुसरा विचार तयार करण्याच्या रीतीचा. अलीकडे फळांच्या साली, गूळ आणि पाणी बरणीत घालून तीन महिने आंबविलेल्या द्रवाचा मोठा बोलबाला आहे. त्याने फरशी स्वच्छ होते आणि सालींचा कचराही कमी होतो, हे खरे. परंतु आंबविणे म्हणजे सूक्ष्म जीवांची मुद्दाम वाढ करणे. वासी अन्न वर्ज्य मानणाऱ्या घराने तीन महिने जीवोत्पत्ती जोपासावी आणि तिने फरशी पुसावी, हे जयणेशी जुळत नाही. व्हिनेगरही असेच आंबवून तयार होते.

याउलट रिठ्याला आंबविण्याची गरजच नाही. त्याच्या टरफलात ‘सॅपोनिन’ नावाचे द्रव्य असते. ते पाण्यात उतरले की फेस येतो आणि तेलकट मळ कपड्यापासून सुटतो. रिठा वापरण्यापूर्वी प्रत्येक फळ फोडून बी काढावी आणि आत कीड नाही ना, हे उजेडात पाहावे. आठ-दहा फळांची टरफले लिटरभर गाळलेल्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे उकळावीत, निवल्यावर कुस्करून पाणी गाळून घ्यावे आणि त्याच दिवशी संपवावे. उकाळलेल्या पाण्याचा काळ पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहर मानला आहे. वनस्पतीचा अर्क उतरलेले पाणी त्याहून अधिक ठेवण्याचे कारण नाही. लोकरीच्या शाली आणि नाजूक सुती वस्त्रे या पाण्यात उत्तम निघतात. सराफी पेढ्यांवर सोन्याचांदीचे दागिने उजळण्यासाठी रिठ्याचे पाणी वापरण्याची रीत जुनीच आहे. कपडे रात्रभर भिजत ठेवू नयेत. घामाने मळलेले वस्त्र दोन घटकांत, म्हणजे ४८ मिनिटांत, धुऊन वाळत घालावे, हा वडीलधाऱ्यांचा दंडक येथेही पाळावा.

तिसरा विचार सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत उपेक्षित, तो म्हणजे पाणी जाते कोठे. रिठ्यातील सॅपोनिन माशांना घातक असते. मळ सोडविणारा हा गुण पाण्यात जगणाऱ्या जीवांच्या कल्ल्यांनाही सोडत नाही. म्हणून रिठ्याचे पाणी विहिरीकाठी, तळ्यात किंवा ओढ्यात कधीही ओतू नये. वनस्पतीजन्य म्हणून नदीकाठी निर्धास्तपणे केस धुणारा माणूस अजाणता पंचेंद्रिय जीवांच्या घाताला निमित्त होतो. पाणी भरपूर विरळ करून मोरीत सोडावे आणि मुळात ते बेताचेच तयार करावे. जिवाणी जपून परत सोडणाऱ्या हाताला हे अवघड नाही.

चौथा विचार कीटकांचा. कडुलिंब वनस्पती खरी. परंतु त्यातील ‘अझाडिराक्टिन’ हे द्रव्य कीटकांच्या वाढीतच बाधा आणते. धान्यात वाळलेला पाला घालून किडीला प्रतिबंध करणे वेगळे आणि कीड झाल्यावर तिच्यावर निंबोळीचे तेल फवारणे वेगळे. पहिल्यात जीव उत्पन्नच होऊ नये ही काळजी आहे, दुसऱ्यात घात आहे. मुंग्या, झुरळे आणि बुरशी यांना दूर ठेवण्याचा श्रेष्ठ उपाय कोणत्याही बाटलीत मिळत नाही. तो आहे कोरडेपणा. न्हाणीघर वापरल्यावर पाणी ओढून फरशी कोरडी करणे, खरकटे तत्काळ आवरणे, साबणदाणीत पाणी साचू न देणे. चातुर्मासात तर शेवाळ आणि बुरशी अनंतकाय जीवांचे घर. ती खरवडण्यापेक्षा येऊच न देणे हीच खरी स्वच्छता.

या साधनांच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. चिंच आणि लिंबू पितळेची, तांब्याची भांडी लखलखीत करतात. परंतु त्यांतील आम्ल संगमरवराला खाते. देरासरातील अथवा घरातील संगमरवरी फरशीवर त्यांचा थेंबही पडू देऊ नये. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास तीव्र आग होते, म्हणून लहान मुलांचे केस धुताना विशेष काळजी घ्यावी. पांढऱ्या कपड्यांवर रिठ्याची पिवळसर छटा राहू शकते. घरात आजारी माणूस असेल, तर रिठा जंतुनाशकाची जागा घेऊ शकत नाही. तेथे वैद्यकीय सल्ल्यानुसारच स्वच्छता राखावी. रुग्णाच्या आरोग्याची हेळसांड म्हणजे जयणा नव्हे.

व्यापारी कुटुंबांसाठी प्रश्न आणखी एक पायरी पुढे जातो. जैन विचारात कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्ही मार्गांनी दोष लागतो, आणि श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा स्पष्ट समावेश आहे. घरात चरबीचा साबण नको आणि दुकानाच्या फळीवर मात्र चालतो. घरी मुंगी उचलून बाजूला ठेवायची आणि गल्ल्याशेजारी कीटकनाशकांच्या बाटल्या मांडायच्या, अशी विभागणी फार काळ टिकत नाही. सारा माल एका दिवसात बदलणे शक्य नाही, हे प्रत्येक व्यापारी जाणतो. परंतु नव्या मालाची मागणी नोंदविताना घटकांची यादी मागविणे, चरबीयुक्त साबणाऐवजी खोबरेलाचा साबण पुढच्या फळीवर मांडणे, रिठा-शिकेकाई निवडून, कीड पाहून, लहान पुड्यांत विकणे, एवढे तर या हंगामापासून सुरू करता येते. विचारणाऱ्या ग्राहकाला खरे सांगणारे दुकान पेढीची पत वाढवते, हा बाजाराचाही अनुभव आहे.

चातुर्मासात अनेक कुटुंबे आहाराचे नियम घेतात. त्याच यादीत एक नियम मोरीसाठी असावा: घरात येणाऱ्या प्रत्येक साबणाचे मूळ विचारल्याशिवाय तो वापरणार नाही आणि वापरलेले पाणी कोठे जाते, हे पाहिल्याशिवाय सोडणार नाही. ज्या घरात पाणी गाळूनच आत येते, त्या घरातून ते बाहेर जातानाही विवेकानेच जावे.