तक्त्यात नसलेला रकाना

परदेशात राहून लॅपटॉपवर नोकरी करायची, तर कुठलं शहर बरं? लिस्बन की बँकॉक, मेक्सिको सिटी की दुबई? अशा तुलनांचे तक्ते आता जागोजागी मिळतात. घरभाडं, इंटरनेटचा वेग, हवा, व्हिसाची मुदत, कॉफीचा दर, सगळ्यांचे रकाने असतात. त्या शहरात आधीपासून राहणाऱ्यांना तिथलं भाडं परवडतं का, हा रकाना मात्र बहुतेकदा नसतो. आमच्या मते तो सर्वांत वर हवा.

लिस्बनच घ्या. परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांसाठी पोर्तुगालनं ऑक्टोबर २०२२मध्ये डी-८ व्हिसा सुरू केला. त्याची अट अशी, की अर्जदाराचं उत्पन्न देशातल्या किमान वेतनाच्या चौपट हवं. २०२५मध्ये हे वेतन महिना ८७० युरो होतं. म्हणजे व्हिसासाठी ३४८० युरो, आपल्याकडचे साधारण साडेतीन लाख रुपये. किमान वेतनावर हॉटेलात खोल्या झाडणारी बाई आणि तिच्या चौपट कमावणारा पाहुणा एकाच घराच्या दारात उभे राहिले, तर किल्ली कोणाला मिळणार हे सांगायला नको. शहराच्या मध्यभागी एका बेडरूमच्या घराचं भाडंच तिच्या पगाराहून जास्त आहे.

सगळा दोष या पाहुण्यांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण २०१२च्या कायद्यानं सैल केलं. त्याच वर्षी घर विकत घेणाऱ्या परदेशी श्रीमंतांना निवासाचा परवाना देणारा ‘गोल्डन व्हिसा’ आला. अल्फामासारख्या जुन्या वस्तीत घरामागून घर पर्यटकांच्या मुक्कामासाठी गेलं. १ एप्रिल २०२३ला हजारो लिस्बनकर घरांच्या प्रश्नावर रस्त्यावर आले. त्या वर्षी घरखरेदीतून मिळणारा गोल्डन व्हिसा बंद झाला, पण गेलेले शेजारी परतले नाहीत.

मेक्सिको सिटीत तर शहराच्या सरकारनंच २०२२मध्ये एअरबीएनबी आणि युनेस्कोबरोबर करार करून अशा पाहुण्यांना आवतण दिलं. तेव्हा शहराचं सरकार क्लाउडिया शाइनबाउम यांच्याकडे होतं. ४ जुलै २०२५ला कोन्देसा आणि रोमा भागांत भाडेवाढीविरुद्ध मोर्चा निघाला, दुकानांच्या काचा फुटल्या, परदेशी लोकांना ‘चालते व्हा’ म्हणणाऱ्या घोषणा झाल्या. राष्ट्राध्यक्ष झालेल्या शाइनबाउम यांनी त्या परकीयद्वेषाचा निषेध केला, तो योग्यच होता. परंतु माणसं घराबाहेर ढकलली जात असताना त्यांचा राग आधी ऐकला असता, तर तो काचांपर्यंत पोचला नसता.

आपल्याला हे दूरचं वाटू नये. २०२०च्या टाळेबंदीनंतर मुंबई-दिल्लीची माणसं काम घेऊन गोव्यातल्या आसगाव, शिवोलीत राहायला गेली आणि तिथल्या घरांचे भाव गावच्या तरुणांच्या हाताबाहेर गेले. तिथं पाहुणे आपणच होतो.

पुण्या-मुंबईतल्या ज्या तरुणांना हे परदेशी राहणं आता शक्य झालं आहे, त्यांनी जरूर जावं. जग पाहण्याचा हक्क केवळ डॉलरवाल्यांचा नाही. मात्र शहर निवडताना तिथल्या किमान वेतनाशेजारी तिथलं घरभाडं मांडून पाहा. पर्यटकांसाठी राखलेलं घर महिन्या-महिन्यानं घेऊ नका. रीतसर वर्षाचा करार करा. मुक्काम १८३ दिवसांवर गेला, की बहुतेक देशांत करदाते ठरता, तो कर तिथं भरा. आणि घरमालकानं जुन्या भाडेकरूला काढून तुमच्यासाठी जागा केली असेल, तर ते घर नाकारा.