धरणे उशाला, गंज नळाला

घाटमाथ्यावरच्या पावसाचा महाराष्ट्रातील कोणत्याही गावाने हेवा करावा. लोणावळ्यात तो वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. वळवणचे पाणी नळांतून घाट उतरून खोपोलीला वीज निर्माण करते, ते १९१५ पासून. पवनेच्या पाण्यावर पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी उभी आहे. पवनेच्या बंद नळवाहिनीस विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात मावळातील तीन शेतकऱ्यांनी प्राण गमावले. पाणी कोणाचे, हा प्रश्न मावळाने रक्त सांडून विचारला. ते ज्या नळातून घरात येते त्याचे वय काय, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

वस्तुतः शुद्धीकरण केंद्रातून निघणारे पाणी आणि स्वयंपाकघरातील तोटीचे पाणी या दोन भिन्न वस्तू आहेत. जुन्या बिडाच्या नळांत गंजाचे थर चढतात, त्यांत जंतू घर करतात आणि पाण्यातील क्लोरीन वाटेतच खर्ची पडते. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या तोटीशीही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावयास हवे. खरा घात होतो तो पाणी बंद असताना. तास-दोन तास पाणी सोडून उरलेला दिवस नळ रिकामे ठेवण्याची आपली रीत आहे. दाब असताना ज्या सांध्यातून पाणी बाहेर झिरपते, त्याच सांध्यातून दाब उतरताच बाहेरची घाण आत शोषली जाते. आणि घरजोडणीचे नळ तर पुष्कळदा गटारातूनच गेलेले असतात. सुरुवातीचे तांबूस पाणी ओतून देण्याचा गृहिणींचा परिपाठ सुज्ञपणाचा खरा, परंतु गंज डोळ्यांना दिसतो, काविळीचा विषाणू दिसत नाही. इचलकरंजीने २०१२ साली त्याची किंमत मोजली.

हा प्रश्न अभियंत्यांइतकाच हिशेबनिसांचा आहे. खोपोलीच्या नळाला गळती लागली तर बुडालेली वीज ताबडतोब पैशांत मोजता येते. गावातील गळती नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात दिसतच नाही. ती घराघरांत वाटली जाते. बंगलेवाला शुद्धीकरण यंत्र बसवतो, हॉटेलवाला पाण्याचे जार मागवतो आणि खोलीत पाणी भरून ठेवणारा मजूर डॉक्टरची फी व बुडालेला रोज अशी दुहेरी पाणीपट्टी भरतो. साधा कारखानदारही यंत्राचा घसारा धरतो. आपल्या स्थानिक संस्था मात्र जमिनीत पुरलेला नळ म्हातारा होतच नाही, असे मानून चालतात. नव्या टाकीचे उद्‌घाटन करता येते. बदललेल्या सांध्याला फीत कोठे बांधावयाची?

पाणीपट्टी वाढवल्यावाचून हे साधणार नाही, हे स्पष्ट बोलले पाहिजे. तथापि वाढीव रकमेतील ठरावीक हिस्सा नळ बदलण्याखेरीज अन्यत्र वळवता येणार नाही, असा ठराव लोणावळा आणि तळेगाव दाभाडे येथील नगरपरिषदांनी त्याच सभेत करावा. प्रत्येक वाहिनी कोणत्या साली पुरली याची नोंदवही लोकांना पाहू द्यावी आणि शेवटच्या टोकाच्या तोटीवरील क्लोरीनचा आकडा रोज फळ्यावर लिहावा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमधून वाड्यावस्त्यांवर पुरलेले नळ आज नवे आहेत. त्यांचा घसारा ग्रामपंचायतींनी आजपासूनच बाजूला काढावा.