टाळ्या मिळतात, खोली मिळत नाही



गेल्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात एक मुलगी आली. वय पंचविशीचे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका कलाकेंद्रात सहा वर्षे नाचून ती पुण्याला आली होती. इथे लावणीच्या कार्यक्रमांत काम मिळाले होते. तक्रार होती खोलीच्या अनामत रकमेची. घरमालकाने तीन आठवड्यांत खोली सोडायला लावली होती आणि पैसे मात्र परत देत नव्हता. अर्ज लिहून झाला, चहा झाला, आणि उठता उठता तिने विचारले, "ताई, सोमवारी मला सुट्टी असती. हितं बाईमाणसानं नुसतं फिरायला कुठं जायचं?"

आमच्या भिंतीवर पोलीस ठाण्याचा, वकीलताईंचा, दवाखान्याचा असे सगळे नंबर लिहिलेले आहेत. या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याकडे नव्हते. या अंकाचे संपादकीय मी त्या प्रश्नावर लिहिते आहे.

आधी तिचा दिवस सांगते. कार्यक्रम पुण्यात असेल तर रात्री साडेबारापर्यंत संपतो. बाहेरगावी असेल तर गाडी पहाटे चारला परत येते. चार-पाच किलोंचे चाळ तीन तास पायात असतात, त्यामुळे पोटऱ्या भरून येतात. झोप लागते न लागते तोच सहाला नळाला पाणी येते. पाणी भरले नाही तर दिवसभर कोरडे. दुपारी तालीम, साडीच्या निऱ्या, गजरे, मेकअपचे सामान. पैसे 'नाइट'वर. महिन्यात किती नाइट मिळतील याचा नेम नाही आणि पावसाळ्यात तर नाहीच. आलेल्यातले निम्मे गावी आईकडे जातात, कारण चार वर्षांची मुलगी तिथे आहे. या वेळापत्रकाला सुखवस्तू घरातली एखादी मुलगी "करिअर" म्हणाली असती आणि आपण तिचे कौतुक केले असते.

खोली का गेली? शेजाऱ्यांनी तिला रात्री एक वाजता गाडीतून उतरताना पाहिले. घरमालकीण काकूंनी आधी प्रेमाने विचारले, "कंपनीत आहेस ना गं, रात्रपाळीला?" ही खरे बोलली. दुसऱ्या दिवशी निरोप आला. म्हणजे उशिरा येणे हा गुन्हा नव्हता. कंपनीची मुलगी एक वाजता आली तर ती कष्टाळू, स्टेजवरची आली तर ती "तसली". नोकरदार महिलांच्या वसतिगृहातही आम्ही चौकशी केली. रात्री दहाला दार बंद, आणि पगाराची पावती हवी. ती कुठून आणायची?

त्या सोमवारी मी तिच्याबरोबर गेले. तुळशीबागेत मुलीसाठी बांगड्या घेतल्या, मग सारसबागेत गणपतीचे दर्शन, मग पर्वती. एकशे तीन पायऱ्या ती न थांबता चढली, मी तीनदा बसले. वरून शहर पाहताना म्हणाली, "एवढं मोठं हाय होय पुणं! मला थेटर आन गाडीची काच एवढंच ठावं." उतरताना तीन तरुणांनी तिला ओळखले. एकाने मोबाईल काढला, दुसऱ्याने तिच्या गाण्याचा मुखडा जोरात म्हटला. तिने झटकन पदर डोक्यावर घेतला आणि माझा हात धरला. स्टेजवर पाचशे माणसांच्या शिट्ट्यांना डोळा भिडवणारी ही बाई. मी विचारले, तेव्हा म्हणाली, "तिथं मी कामावर असती ताई. हितं मी कुणीच नसती, म्हणून भ्या वाटतं."

हे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवते आहे. मुंबईतल्या स्त्रियांच्या वावराविषयी शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक २०११ साली आले. बाईला रस्त्यावर दिसायचे तर काही तरी काम दाखवावे लागते, उगाच उभे राहण्याचा हक्क तिला नाही, हा त्यातला मुद्दा. हातात भाजीची पिशवी, मूल, नाही तर कार्यालयाचे ओळखपत्र असले की आपण सुरक्षित. स्टेजवरच्या बाईकडे दाखवायला जे काम आहे, तेच तिच्यावर उलटते.

रंगभूमीवर बाईने येणे इथे कधीच सोपे नव्हते. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ मध्ये स्वतःची नाटक कंपनी काढली. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, तेव्हा ते धाडस मानले गेले. त्या दाराने पुढे मध्यमवर्गीय मुली सन्मानाने आत आल्या. पण तमाशातल्या आणि संगीतबारीतल्या बाया त्याच्या कितीतरी आधीपासून नाचत-गात होत्या, घरे चालवत होत्या. त्यांना तो सन्मान मिळाला नाही. कारण त्या कोल्हाटी, महार, मांग, डोंबारी अशा जातींतल्या होत्या, आणि त्यांच्या कलेबरोबर त्यांचे शरीरही विकत घेता येते असे गावातल्या बड्या लोकांनी गृहीत धरले होते. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आले. ते वाचून आपण हळहळलो, पण आपल्या इमारतीतल्या खोलीचे दार उघडले का?

आपल्या चळवळीचेही थोडे सांगायला हवे. २००५ साली सरकारने डान्सबारवर बंदी आणली. तोच नाच तीन तारांकित हॉटेलांत आणि क्लबांत मात्र चालणार होता. तेव्हा आपल्यातही दोन तट पडले. काहींना बंदी म्हणजे बाईची सुटका वाटली. मुंबईत फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ वुमन आणि एस.एन.डी.टी.च्या स्त्री-अभ्यास केंद्राने पन्नास बारमधल्या पाचशे बायांशी बोलून त्यांचे म्हणणे पुढे आणले. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती बंदी रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम ठेवला: उपजीविकेचा हक्क आणि समानता या दोन्हींचा भंग होतो म्हणून. पण मधल्या आठ वर्षांत किती चुली थंड झाल्या! बाईला वाचवायला निघालेल्यांनी तिला आधी विचारायचे असते, हा धडा आपण तेव्हा महागात शिकलो.

मग आज काय करायचे? कायद्याची काही हत्यारे हातात आहेत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त कचेऱ्यांसाठी नाही. कामासाठी जावे लागते ती जागा आणि मालकाने दिलेली गाडीसुद्धा त्यात येते. दहापेक्षा कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची. कपडे बदलताना कुणी चोरून चित्रण केले तर तो गुन्हा आहे, त्याला कैद आहे. लावणीच्या किती कलावतींना हे ठाऊक आहे? आपण किती थिएटरांच्या मागच्या दाराने आत जाऊन सांगितले?

कायद्याने न होणाऱ्या गोष्टी मात्र आपल्यालाच कराव्या लागतील. प्रत्येक गटाने आपापल्या गावात तीन कामे घ्यावीत असे मी सुचवते. पहिले, अशा बायांना खोली देतील अशा दहा घरांची यादी करावी, सुरुवात आपल्या घरांपासून. दुसरे, गावातल्या नाट्यगृहाची मेकअपची खोली जाऊन पाहावी. कडी आहे का, संडासात पाणी आहे का, रात्री गाडीपर्यंत उजेड आहे का? नसेल तर नगरपालिकेला निवेदन द्यावे. तिसरे, आपल्या सहलींना आणि शिबिरांना त्यांना बोलवावे. नाचायला नव्हे, आपल्यासारखे बसायला.

तिसऱ्या सूचनेवर आमच्याच बैठकीत खळखळ झाली. "आमच्या वस्तीतल्या बाया येणार नाहीत," असे एका कार्यकर्तीने म्हटले. मलाही पहिल्या दिवशी पर्वतीवर जाताना कुणी ओळखीचे भेटेल का, असे क्षणभर वाटले होते. ते इथे कबूल करते. खास महिलांसाठी ठेवलेल्या लावणीच्या प्रयोगात आपण मनमोकळ्या शिट्ट्या मारतो, नवऱ्याच्या आणि सासूच्या नजरेतून दोन तास सुटतो. ती सुटका जी आपल्याला देते, तिच्याबरोबर पायऱ्या चढताना आपण आजूबाजूला का पाहतो?

दोन खेपा घातल्यावर अनामत रकमेतले निम्मे पैसे मिळाले. खोली एका सभासद मैत्रिणीने दिली. मुलगी आता जूनमध्ये पुण्याला येणार आहे, शाळेचा दाखला पाहायचा आहे. आणि ती अजून दर सोमवारी विचारते, "ताई, आज कुठं?"

तुमच्या गावातली उत्तरे आम्हाला कळवा. पुढच्या अंकात छापू.