एकाच जातीचं रान नको



पडीक माळावर झाडे लावायची म्हटली की आपण एकाच जातीची शे-दोनशे रोपे ट्रॉलीत भरून आणतो अन् मोकळे होतो. नीलगिरी तर नीलगिरी, साग तर साग. आम्हांस हे पटत नाही.

एखाद्या देवराईत जाऊन पाचोळा जरा उकरून पाहा. जांभूळ, हिरडा, आंबा, करंज, सगळ्यांची पाने एकावर एक. करंजाचा पाला लवकर कुजतो, आंब्याचे पान चिवट, ते रेंगाळते. त्यामुळे गांडूळ, वाळवी, वाणी, अळंबी, प्रत्येकाला आपापला घास बारमाही मिळतो. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात आपल्या देवराया अभ्यासल्या, तेव्हाच काही तुटत चालल्या होत्या.

नीलगिरीखाली काय? पान तेलकट, जाड, लवकर कुजत नाही. सागाची पाने तर उन्हाळ्याच्या तोंडाशी गळून पडतात. विडीचं एक थोटूक पुरे, किडामुंगीसकट सारं खाक.

पाचटाचा अनुभव आपल्याला आहेच. नुसते पाचट कुजता कुजत नाही, युरिया अन् सुपर फॉस्फेट टाकावे लागते. माळावर युरिया कोण टाकणार? ते काम करंज-शिरीषाच्या पाल्याचे.

नीलगिरीच्या वाशाला पैसा मिळतो, हे आम्हांला मान्य. लावा की, पण तिच्या जोडीला आणखी चार-पाच जाती असू द्या. रोपवाटिकेत न मिळाल्या तर बांधावरच्या करंजाच्या शेंगा गोळा करा. जांभळाचे बी मात्र ताजेच लावावे, वाळले की उगवत नाही.