उड्डाणयोग्यतेची कसोटी कोणाच्या हाती?

12 ऑक्टोबर 1976 रोजी मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून मद्रासकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे कॅराव्हेल विमान अल्पावधीतच कोसळले आणि 95 जण मृत्युमुखी पडले. इंजिनातील संपीडकाची एक चकती धातूच्या थकव्याने भंगली, इंधननलिका तुटल्या, आग भडकली आणि विमानावरील नियंत्रण सुटले. डोळ्यांना न दिसणारी एक चीर, एवढेच काय ते निमित्त!

पहूरचा शेतकरी बैल घेताना दात पाहतो, चार पावले चालवून पाहतो. विमानाचे तिकीट काढणारा प्रवासी इंजिनाचे काय पाहणार? विकणारा सर्व जाणतो आणि घेणारा काहीच जाणत नाही, अशा व्यवहारात स्पर्धेवर विसंबून भागत नाही. तेथे शासनाने प्रमाणे ठरवून द्यावी लागतात. पक्षी आत ओढला गेला तर इंजिनाने काय सोसावे, पाते तुटले तर त्याचे तुकडे आवरणाबाहेर पडू नयेत, कोणती चकती किती उड्डाणांनंतर बाद करावी, हे सारे या प्रमाणांत येते.

1944 च्या शिकागो करारातून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत ही कसोटी प्रथम इंजिनाची रचना करणारा देश घेतो. मोठ्या प्रवासी विमानांच्या बाबतीत आपण ग्राहक आहोत; साहजिकच अमेरिका व युरोप यांच्या प्रमाणपत्रांवर आपली भिस्त असते. तथापि ग्राहकाने डोळे मिटून घ्यावेत असा याचा अर्थ नव्हे. फेब्रुवारी 2018 मध्ये युरोपीय यंत्रणेने प्रॅट अँड व्हिटनीची दोन्ही इंजिने सदोष मालिकेतील असलेल्या ए-320 निओ विमानांवर निर्बंध घातले. 12 मार्च रोजी आपल्या महासंचालनालयाने एक पाऊल पुढे टाकले आणि असे एकच इंजिन असलेली इंडिगो व गोएअरची 11 विमानेही थांबविली. मात्र त्याच जातीच्या इंजिनांबाबत, इंडिगोच्या 97 विमानांसाठी 2019 मध्ये घातलेली 31 जानेवारी 2020 ची मुदत पुढे वाढवून द्यावी लागली. निर्धार आणि तडजोड, दोन्ही आपणच दाखविली.

कठोरपणाची किंमत पडते, हा आक्षेप खोटा नाही. मे 2023 मध्ये गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज करताना इंजिनांअभावी निम्मी विमाने जमिनीवर असल्याचे कारण दिले. उत्पादकाने दोष नाकारला. जानेवारी 2025 मध्ये कंपनीच्या अवसायनाचा आदेश निघाला. अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. परंतु हा खर्च प्रमाण निर्माण करीत नाही. तो सदोष इंजिनात आधीच दडलेला असतो. प्रमाण तो फक्त उघड करते. उघड झाला नाही, तर तोच खर्च प्रवाशांच्या प्राणांनी फेडला जातो आणि कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

म्हणून प्रश्न नियमांच्या संख्येचा नसून ते तपासणाऱ्या माणसांचा आहे. 1934 च्या कायद्याची जागा 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. पण त्याच वर्षी संसदीय समितीला महासंचालनालयातील जवळजवळ निम्मी मंजूर पदे रिक्त आढळली. परीक्षकच नेमले नाहीत तर प्रश्नपत्रिका कितीही कठीण काढली तरी काय उपयोग, हे शिक्षकांना सांगावयास नको. परक्या प्रमाणपत्राची पारख करण्याइतके अभियंते आपल्यापाशी असणे, हीच खरी उड्डाणयोग्यता होय.